सिव्हिल वॉरच्या लढाया कुठं झाल्या ते आधी नद्यांवरून शोधा

काका, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मे महिन्यात तुम्ही आणि काकू मुलाकडे फेअरफॅक्सला येताय, तीन-चार दिवस मोकळे आहेत, तर अमेरिकेच्या सिव्हिल वॉरच्या, म्हणजे उत्तर-दक्षिणेच्या यादवी युद्धाच्या, मोठ्या लढाया नेमक्या कुठं झाल्या, आणि आपल्या पानिपतासारखं एखादं मैदान आहे का जिथं उभं राहिलं की सगळं लक्षात येईल. मी इथल्या सरकारी हायस्कूलमधे १७ वर्षं इतिहास शिकवतेय, वर्षातून दोनदा तरी मुलांची बस घेऊन या रणभूमींवर जाते आणि सुट्टीत परत एकटी जाते, तेव्हा जरा सविस्तरच लिहिते.

तसं एक मैदान नाही. १८६१ ते १८६५ अशी चार वर्षं युद्ध चाललं, बारीकसारीक चकमकी धरल्या तर आकडा दहा हजारांच्या वर जातो. १९९३ मधे एका सरकारी समितीने त्यातल्या ३८४ लढाया महत्त्वाच्या म्हणून वेगळ्या काढल्या आणि त्यातल्या १२०हून जास्त एकट्या व्हर्जिनियात आहेत, म्हणजे तुम्ही जिथं उतरणार त्याच राज्यात. त्याखालोखाल टेनेसी, तिथं ३८. मग मिसूरी, जॉर्जिया, लुइझियाना वगैरे. पेनसिल्व्हेनियातलं गेटिसबर्ग सगळ्यांना माहीत असतं पण ते खरं तर अपवाद आहे, कारण मोठं युद्ध जवळजवळ सगळं दक्षिणेत झालं. कारण सोपं आहे, दक्षिणेची ११ राज्यं फुटून बाहेर पडली होती आणि त्यांना परत आणायचं तर चालून जायचं काम उत्तरेचं होतं, दक्षिणेला नुसतं टिकून राहायचं होतं. त्यामुळे शेतं उद्ध्वस्त झाली, पुलं जळाली, घराघरात जखमी आणून ठेवले गेले ते बहुतेक दक्षिणेतच.

आता कुठं कुठं, तर माझी वर्गातली पद्धत सांगते. मी मुलांना राज्यांच्या सीमा नसलेला नकाशा देते, त्यावर फक्त नद्या, डोंगर आणि १८६१ सालचे रेल्वेमार्ग, आणि म्हणते की तुम्ही सेनापती आहात, एक लाख माणसं आणि हजारो घोडे यांना रोज खायला घालायचंय, तर कुठून जाल आणि समोरचा तुम्हाला कुठं अडवेल तिथं फुली मारा. दर वर्षी निम्म्याहून जास्त फुल्या खऱ्या लढायांच्या जागी किंवा अगदी जवळ पडतात. पहिली काही वर्षं मी तारखा आणि सेनापतींची नावं घेऊन शिकवायचे, मुलांच्या डोक्यात काही राहायचं नाही. नकाशा हातात दिल्यापासून राहतं.

व्हर्जिनियाचं बघा. उत्तरेची राजधानी वॉशिंग्टन, दक्षिणेची रिचमंड, दोन्हीत जेमतेम १०० मैल, आपलं मुंबई-पुणे समजा. दोन राजधान्या इतक्या जवळ म्हटल्यावर चार वर्षं एकमेकांच्या दारावर धडका देणं आलंच. पण मधे नद्या आडव्या पडतात. डोंगर पश्चिमेला, समुद्र पूर्वेला, म्हणून पोटोमॅक, रॅपहॅनॉक, रॅपिडॅन, नॉर्थ ॲना, पामंकी, जेम्स अशा सगळ्या पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात आणि उत्तरेहून दक्षिणेला निघालेल्या सैन्याला प्रत्येक नदी म्हणजे एक तटबंदी. पलीकडच्या टेकडीवर दुसरा तोफा लावून बसलेला असतो.

या १०० मैलांच्या बरोबर मधे रॅपहॅनॉकच्या काठावर फ्रेडरिक्सबर्ग हे गाव आहे, आणि गावाच्या १५-२० मैलांच्या परिसरात दीड वर्षात चार मोठ्या लढाया झाल्या, फ्रेडरिक्सबर्ग, चॅन्सलर्सव्हिल, विल्डरनेस आणि स्पॉटसिल्वेनिया. चारही मिळून दोन्ही बाजूंची एक लाखाच्या आसपास माणसं मेली, जायबंदी झाली, पकडली गेली किंवा बेपत्ता झाली. तुम्हाला पानिपतासारखं म्हणून काही दाखवायचं असेल तर मी हाच तालुकाभर मुलूख दाखवीन.

फ्रेडरिक्सबर्गची गोष्ट नदीचीच आहे. नोव्हेंबर १८६२ मधे उत्तरेचं सैन्य नदीवर पोचलं तेव्हा पलीकडे फारसं कोणी नव्हतं, पण पूल नव्हते आणि होड्यांचे पूल मागून यायचे होते, ते आठवडाभर उशिरा आले, पुढे आणखी दिवस गेले, आणि तोवर दक्षिणेचा सेनापती ली आपलं सैन्य घेऊन पलीकडच्या टेकड्यांवर बसला. १३ डिसेंबरला त्या टेकडीच्या पायथ्याशी एक खोलगट रस्ता आणि त्याला लागून दगडी गडगा, त्या गडग्यामागे दक्षिणेचे बंदूकवाले, आणि समोरच्या उघड्या उतारावरून उत्तरेच्या तुकड्या एकामागून एक दुपारपासून अंधार पडेपर्यंत पाठवल्या गेल्या. सगळ्या लढाईत मिळून उत्तरेचे १२ हजारांच्या वर ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले, आणि त्या गडग्यापर्यंत एकही तुकडी पोचली नाही. आज त्या उतारावर घरं आहेत, अंगणं आहेत, मुलांच्या सायकली असतात, त्यामुळे डोळ्यांनी मैदान दिसत नाही, पण गडग्यापाशी उभं राहून समोरचं पहिलं घर किती जवळ आहे ते बघा.

विल्डरनेस म्हणजे नावाप्रमाणे रान. पूर्वी तिथल्या लोखंडाच्या भट्ट्यांसाठी मोठी झाडं तोडलेली, त्यावर परत दाट झुडुपं माजलेली, वीस पावलांवरचं दिसत नाही. मे १८६४ मधे उत्तरेचा सेनापती ग्रँट आणि ली तिथं भिडले, पाला पेटला आणि उठता न येणारे जखमी त्या आगीत जळाले. मी मुलांना हा भाग सांगताना आवाज चढवत नाही, नुसतं सांगते आणि थोडा वेळ गप्प बसते. ग्रँटच्या आधीचे सेनापती अशा मारानंतर मागे नदीपार जायचे, ग्रँट गेला नाही, रस्ता जिथं फुटतो तिथून तो दक्षिणेकडे वळला, आणि पुढच्या चौकात, स्पॉटसिल्वेनियाला, १२ मेला पावसात चिखलात वीस तासांच्या आसपास हातघाई झाली. तिथलं २२ इंच जाडीचं ओकचं झाड नुसत्या बंदुकीच्या गोळ्यांनी कापून पडलं. त्याचा बुंधा वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या अमेरिकन हिस्टरी म्युझियममधे आहे, मुलगा तुम्हाला म्युझियम दाखवायला नेईलच, तेव्हा तो शोधा.

तिथून पुढे कोल्ड हार्बर, मग पीटर्सबर्ग. पीटर्सबर्गचं कारण रेल्वे. रिचमंडला रसद नेणारे मार्ग त्या गावात एकत्र यायचे, म्हणून ग्रँटने जून १८६४ पासून एप्रिल १८६५ पर्यंत, जवळजवळ साडेनऊ महिने, तिथं खंदक खणून एक एक मार्ग तोडला. शेवटचा मार्ग गेला आणि रिचमंड त्याच रात्री रिकामं झालं. पुढे आठवड्याभरात, ९ एप्रिल १८६५ ला अपोमॅटॉक्स कोर्ट हाउसला लीने शरणागती पत्करली.

फेअरफॅक्सहून सगळ्यात जवळचं म्हणजे मनॅसस, गाडीने अर्धा तास. इथं २१ जुलै १८६१ ला पहिली मोठी लढाई आणि ऑगस्ट १८६२ मधे दुसरी, दोन्ही जवळपास त्याच जमिनीवर, कारण तिथं दोन रेल्वेमार्ग मिळतात. पहिल्या लढाईत तर दक्षिणेची अर्धी कुमक शेनॅन्डोआच्या खोऱ्यातून चक्क रेल्वेने आली आणि त्यावर निकाल फिरला. वॉशिंग्टनमधली मंडळी खाण्याच्या टोपल्या घेऊन सेंटरव्हिलपर्यंत लढाई बघायला गेली होती, ते सेंटरव्हिल आज तुमच्या मुलाच्या शेजारचं उपनगर आहे. टेकडीवरच्या घरात ज्युडिथ हेन्री नावाची ऐंशी ओलांडलेली, अंथरुणाला खिळलेली विधवा तोफगोळ्याने गेली, तिची कबर तिथंच आहे. आणि याच परिसरात विल्मर मॅक्लीन नावाच्या माणसाची शेती होती, त्याच्या स्वयंपाकघरात गोळा पडला, म्हणून तो कुटुंब घेऊन लांब आडगावी गेला, ते गाव म्हणजे अपोमॅटॉक्स कोर्ट हाउस, आणि लीने शरणागती लिहून दिली ती याच माणसाच्या दिवाणखान्यात. मुलांना वाटतं मी रचून सांगतेय.

नावांचा घोळ आधीच सांगते म्हणजे पाट्या वाचताना गोंधळ नको. उत्तरेवाले लढाईला जवळच्या ओढ्या-नदीचं नाव द्यायचे, दक्षिणेवाले जवळच्या गावाचं. म्हणून मनॅसस आणि बुल रन एकच, अँटिटम आणि शार्प्सबर्ग एकच, टेनेसीतलं स्टोन्स रिव्हर आणि मर्फ्रीसबरो एकच. आणि दुसरं, पाटीवर कॅज्युअल्टी २३ हजार लिहिलं असेल तर ते सगळे मेलेले नाहीत, त्यात ठार, जखमी, पकडलेले, बेपत्ता सगळे येतात. हा फरक आपल्याकडून आलेल्या बहुतेक पाहुण्यांना सांगावा लागतो.

अँटिटम मेरीलँडमधे, तुमच्यापासून दीड तास. १७ सप्टेंबर १८६२, एका दिवसात २३ हजारांच्या आसपास कॅज्युअल्टी, त्यातले साडेतीन हजारांच्या वर जागीच ठार, अमेरिकेच्या इतिहासातला सगळ्यात रक्तरंजित दिवस. ली पोटोमॅक ओलांडून वर आला होता, तो परत गेला, आणि पाचच दिवसांनी लिंकनने गुलाममुक्तीचा पहिला जाहीरनामा काढला. माझ्या मते गेटिसबर्गपेक्षा ही रणभूमी समजायला सोपी, कारण तिथं गर्दी नाही, जमीन फारशी बदललेली नाही. तिथं एक गाड्यांच्या चाकांनी खोल गेलेली पाणंद आहे, लढाईनंतर तिला ब्लडी लेन म्हणायला लागले. मी अर्धा वर्ग त्या पाणंदीत उभा करते आणि अर्ध्या वर्गाला समोरच्या शेतावरून चालत यायला सांगते. खालच्या मुलांना आधी काहीच दिसत नाही, मग चढावाच्या कडेवर टोप्या दिसतात, मग चेहरे, आणि चेहरे दिसले म्हणजे अंतर शंभर यार्डांच्या आत आलेलं असतं. येणाऱ्यांना तोवर पाणंद दिसलेलीच नसते. पुस्तकातली दहा पानं एकीकडे आणि ही पाच मिनिटं एकीकडे.

गेटिसबर्गला जा, जाऊ नका असं मी म्हणणार नाही. १ ते ३ जुलै १८६३, दोन्ही बाजूंची मिळून दीड लाखाच्या वर माणसं, ५१ हजारांच्या आसपास कॅज्युअल्टी. गावात दहा रस्ते येऊन मिळतात, नकाशावर चाकाच्या आऱ्यांसारखे दिसतात, आणि दोन्ही सैन्यं वेगवेगळ्या रस्त्यांनी तिथं येऊन आदळली. तिथं गेल्यावर लिटल राउंड टॉप या टेकडीवरून फोटो काढून लगेच परत फिरू नका. व्हर्जिनियाच्या स्मारकापासून समोरच्या दगडी भिंतीपर्यंत चालत जा, तिसऱ्या दिवशी साडेबारा हजार माणसं याच पाऊण-एक मैलावरून चालत गेली. सपाट वाटतं पण चालताना कळतं की मधे खोलगट भाग आहेत, तिथं माणूस तोफांपासून लपतो, आणि मग एमिट्सबर्ग रोडचं कुंपण येतं, ते चढून उतरायचं म्हणजे थांबणं आलं. तिथंच सगळ्यात जास्त पडले.

आता पश्चिमेकडचं, जे तुम्हाला या फेरीत बघता येणार नाही पण समजून घ्यायलाच हवं, कारण माझं पक्कं मत आहे की युद्धाचा निकाल तिकडे लागला. व्हर्जिनियात नद्या आडव्या येतात, तिकडे त्या उलट रस्ता देतात. टेनेसी आणि कंबरलंड या दोन नद्या दक्षिणेच्या पोटातून येऊन उत्तरेला ओहायो नदीला मिळतात, आणि उत्तरेकडे लोखंडी पत्र्याच्या वाफेच्या बोटी होत्या. फेब्रुवारी १८६२ मधे फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनेल्सन हे दोन किल्ले दहा दिवसात पडले आणि त्याच महिन्यात नॅशव्हिल हातचं गेलं. मग बोटींनी वर जाऊन टेनेसी नदीच्या काठावर शायलो, ६ आणि ७ एप्रिल. ते ठिकाण म्हणजे नदीचा धक्का, एक लाकडी चर्च आणि पीचची बाग, मुद्दाम लढायला कोणी जाणार नाही अशी जागा, पण तिथून २०-२२ मैलांवर कॉरिंथला दोन मोठ्या रेल्वे एकमेकींना छेदायच्या, खरं लक्ष्य ते. दोन दिवसात २३ हजारांच्या वर कॅज्युअल्टी, आणि दोन्हीकडच्या लोकांना पहिल्यांदा कळलं की हे लवकर आटपणारं नाही.

व्हिक्सबर्ग मिसिसिपी नदीच्या तीव्र वळणावर उंच कड्यावर. तिथल्या तोफा असेपर्यंत नदी उत्तरेला मोकळी नाही. ग्रँटने वळण टाळायला कालवा खणायचा प्रयत्न केला, तो फसला, मग तो खालून नदी ओलांडून मागच्या बाजूने आला आणि ४७ दिवस वेढा घातला. गावातली माणसं टेकडीच्या मातीत गुहा खणून राहिली. ४ जुलै १८६३ ला गाव पडलं, गेटिसबर्ग संपलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. आणि पुढे १८७६ मधे नदीने स्वतःच ते वळण तोडलं आणि व्हिक्सबर्गला सोडून गेली. जे सैन्याच्या फावड्यांना जमलं नाही ते १३ वर्षांनी पाण्याने केलं.

मग चॅटनूगा, टेनेसी नदी डोंगरातून बाहेर पडते तिथलं रेल्वेचं नाकं. त्याच्यासाठी सप्टेंबर १८६३ मधे जॉर्जियातल्या चिकमॉगाच्या जंगलात दोन दिवसात ३४ हजारांच्या आसपास कॅज्युअल्टी, गेटिसबर्गच्या खालोखाल सगळ्यात मोठा आकडा. ते नाकं हातात आल्यावर उत्तरेचा सेनापती शर्मन रेल्वेच्या रुळांना धरून अटलांटाला गेला, सप्टेंबर १८६४ मधे अटलांटा पडलं, डिसेंबरात सव्हाना. फ्रँकलिनचं एक सांगते कारण ते मनातून जात नाही. ३० नोव्हेंबर १८६४, नॅशव्हिलच्या दक्षिणेला, कार्टर नावाच्या कुटुंबाच्या अंगणातच लढाई झाली, घरचे तळघरात बसले होते. त्यांचा मुलगा टॉड दक्षिणेच्या सैन्यात होता, घरापासून हाकेच्या अंतरावर जखमी होऊन पडला, घरच्यांनी रात्री कंदील घेऊन शोधून आणला, आणि दोन दिवसांनी तो स्वतःच्या घरातच वारला. पुढे त्या रणभूमीवर पिझ्झाचं दुकान उभं राहिलं होतं, गावातल्या लोकांनी पैसे जमवून जमीन परत घेतली आणि २००५ मधे ते पाडलं. रणभूमी आपोआप टिकत नाही, मनॅससलाही मॉल आणि रस्त्यांशी भांडूनच जमीन राहिलीय.

बाकी टोकाच्या लढाया, मिसूरीत विल्सन्स क्रीक, आर्कान्सात पी रिज, पार न्यू मेक्सिकोत ग्लोरिएटा पास, टेक्सासच्या मेक्सिकन सीमेवर पाल्मिटो रँच जिथं शरणागतीनंतर महिन्याभराने शेवटची लढाई झाली. आणि समुद्रावर चार्ल्सटनचा फोर्ट समटर जिथून १२ एप्रिल १८६१ ला सुरुवात, हॅम्प्टन रोड्सची लोखंडी जहाजं, मोबाइल बे.

एका गोष्टीकडे मात्र आपले लोक हमखास लक्ष देत नाहीत म्हणून मुद्दाम लिहिते. उत्तरेच्या सैन्यात १ लाख ८० हजारांच्या आसपास काळे सैनिक होते, त्यातले बरेच कालपर्यंत गुलाम. रिचमंडच्या बाहेर न्यू मार्केट हाइट्स म्हणून जागा आहे, २९ सप्टेंबर १८६४ ला तिथली चढाई काळ्या पलटणींनी केली आणि त्यातल्या १४ जणांना मेडल ऑफ ऑनर हे सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मधे 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली ती गुलामांना सोडवण्यासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल, तो त्याग झाला तो या जागांवर. आणि मुंबईचं तर माहीतच असेल, दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमाराने अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, समुद्रात भर घालणाऱ्या बॅक बे कंपनीचे शेअर आकाशाला भिडले आणि १८६५ मधे युद्ध संपल्यावर सगळं कोसळलं, कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्यासकट. म्हणजे पीटर्सबर्गची शेवटची रेल्वे तुटली त्याचा हिशेब मुंबईच्या पेढ्यांवरही लागला.

आता तुमचं नियोजन. पहिल्या दिवशी मनॅसस, अर्धा दिवस पुरे, हेन्री हिलचा गोल फिरा, साधारण मैलभर आहे. दुसऱ्या दिवशी अँटिटम. तिसरा दिवस गेटिसबर्ग, दोन तासांवर आहे, सकाळी लवकर निघा, पूर्ण दिवस लागतो. काकूंचे गुडघे दुखत असतील तरी अडत नाही, या सगळ्या ठिकाणी गाडीतून फिरायचा आखलेला मार्ग आहे, व्हिजिटर सेंटरला नकाशा मागून घ्या. मे महिन्यात गवतात गोचीड असतात, पायमोज्यात पँट खोचा आणि घरी आल्यावर अंग बघा, हे हलक्यात घेऊ नका.

चौथा दिवस फ्रेडरिक्सबर्गला ठेवा. सकाळी स्पॉटसिल्वेनिया आणि विल्डरनेस, संध्याकाळी गावातला तो दगडी गडगा, आणि त्याच्या वर टेकडीवर नॅशनल सेमेटरी आहे तिथं चढून जा. १५ हजारांच्या वर सैनिक आहेत आणि बहुतेकांची नावं माहीत नाहीत. त्यांच्या कबरींवर वीतभर उंचीचे चौकोनी दगड आहेत, त्यावर दोन आकडे कोरलेत, वरचा त्या जागेचा नंबर आणि खालचा त्या खड्ड्यात किती जणांना एकत्र पुरलंय त्याचा. तुमच्या तारखा मेमोरियल डेच्या (युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस, मेचा शेवटचा सोमवार) वीकेंडला जुळल्या तर पार्कच्या साइटवर आधी वेळ बघून घ्या, त्या शनिवारी संध्याकाळी तिथं शाळकरी स्काउट मुलं प्रत्येक सैनिकामागे एक मेणबत्ती लावतात. माझ्या वर्गातली दोन-तीन मुलं दर वर्षी असतात, आणि ज्या दगडावर खाली ६ लिहिलंय तिथं ती मोजून सहा लावतात.